'आता काय वाचू?' याला रकाना हवा

आज ग्रंथालयाच्या मिटिंगमध्ये शेवटी विषय काढलाच. वाचकाला पुढचं पुस्तक निवडायला मदत करायची तर त्यासाठी ड्यूटीतला थोडा वेळ ठरवून द्या आणि नोंदवहीत त्याला एक रकाना द्या, एवढंच मागणं. सर लगेच म्हणाले, काउंटरवर गप्पा मारायला वेगळा वेळ कशाला? त्यांचंही बरोबर आहे म्हणा, त्यांना वर आकडे दाखवावे लागतात, आणि आमच्याकडे देवघेव मोजतात, संदर्भाचे प्रश्न मोजतात, पण कुणी येऊन "असंच अजून काहीतरी द्या ना" म्हटलं की त्याची नोंद कुठेच होत नाही, मग ते काम झालंच नाही असं दिसतं.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे १९३१ चे ग्रंथालयाचे पाच नियम आम्ही सगळ्यांनी परीक्षेला पाठ केलेत, त्यातला 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हा मला कपाटांसमोर उभं राहिलं की फार टोचतो. लोक नवीन आलेलं नाहीतर ओळखीच्या लेखकाचं नेतात, बाकीची चांगली पुस्तकं न हलता थेट निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या यादीत. पैसे मोजून घेतलेली आहेत ती, हे मी बोलले तेव्हा सर जरा सरसावून बसले.

सहकाऱ्यांची भीती वेगळीच. "मी कादंबऱ्या वाचतच नाही, मी काय सुचवणार?" खरंय, पण अमेरिकेतल्या ग्रंथपाल जॉईस सॅरिक्स यांनी मांडलेली पद्धत इथेच कामाला येते. विषय विचारत बसायचं नाही, आवडलेल्या पुस्तकाबद्दल वाचकाला बोलतं करायचं आणि तो कशावर रेंगाळतोय ते ऐकायचं, वेगावर, माणसांवर, कथानकावर, की वातावरणावर. एकच रहस्यकथा दोघांना आवडते, एकाला पानं भराभर उलटायचीयत आणि दुसरीला तपास करणाऱ्या म्हाताऱ्याचं एकटेपण भिडलंय, तर दोघांना पुढचं पुस्तक वेगळं द्यायला हवं. त्यासाठी सगळं वाचलेलं असावं लागत नाही, नीट ऐकावं लागतं, कॅटलॉग आणि याद्या हाताशी लागतात, आणि हो, कुणाच्या आवडीला नाक मुरडायचं नाही.

रकाना मिळाला. वेळेचं सर बघतो म्हणालेत, तो पाठपुरावा मी सोडणार नाहीये. आता नोंद कशी करायची ते ठरवायचंय, विचारलं तरी धरायचं की सुचवलेलं पुस्तक घरी गेलं तरच? माझं मत, दोन्ही वेगवेगळं लिहायचं, कारण पुस्तक नाही नेलं तरी ऐकून घेण्यात वेळ गेलेलाच असतो.