रिपीटरने पाठ कोणाकडे करावी?

ठाण्याच्या माजिवड्यातील एका उंच इमारतीच्या गच्चीवर आम्ही काही हॅम मंडळींनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, दोन मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) रिपीटर, म्हणजे आलेला क्षीण संकेत ऐकून तोच जोराने पुन्हा पाठवणारा संच, उभारायचे ठरवले, तेव्हा त्याला डायरेक्शनल, म्हणजे एका दिशेला जोर देणारा, अँटेना हवा यावर कोणाचेच दुमत नव्हते. पश्चिमेला येऊरचे डोंगर असल्यामुळे तिकडे शक्ती घालवण्यात अर्थ नव्हता. शिवाय नकाशावर कोनमापक ठेवला, तर वाशीपासून खारघरपर्यंतची सारी नवी मुंबई आमच्या गच्चीवरून दक्षिण-आग्नेयेला जेमतेम तीस अंशांच्या पाचरीत बसत होती. एका मित्राकडचा पाच एलिमेंटांचा यागी, म्हणजे एका आडव्या दांडीवर (बूमवर) ओळीने पाच कांड्या बसवलेला डायरेक्शनल अँटेना, आयताच मिळाला.

त्याचे एलिमेंट उभे ठेवणे भाग होते, कारण हातातील आणि गाडीतील संचांचे अँटेने उभेच असतात आणि ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, एकाची आडवी आणि दुसऱ्याची उभी झाली की वीस डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभराव्या भागापर्यंत, संकेत बुडतो. मात्र उभ्या यागीच्या एलिमेंटांमधूनच लोखंडी खांब गेला, तर कोणत्या दिशेला किती शक्ती जाते याचा सारा आकृतिबंध बिघडतो. म्हणून आम्ही बूम मागच्या टोकाला धरून यागी खांबाच्या पुढे काढला. पहिल्याच संध्याकाळी पाम बीच रोडवरून पाच वॉटच्या हँडहेल्डवर (हातातील संचावर) बोलणारा मित्र शेजारच्या खोलीतून बोलावा इतका स्पष्ट आला आणि आम्ही खूश झालो.

आमची ती खुशी रात्रीच्या नेटपर्यंतच, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या बैठकीपर्यंतच, टिकली. डोंबिवलीचे एक ज्येष्ठ हॅम, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते नेटवर आलेच नाहीत. शेवटी त्यांचा फोन आला. “रिपीटर काय फक्त खाडीपलीकडच्यांसाठी लावला आहे का?” एवढेच ते म्हणाले. डोंबिवली आमच्या गच्चीवरून जवळजवळ थेट पूर्वेला, म्हणजे यागीच्या नाकापासून सत्तरेक अंश बाजूला आहे, आणि पाच एलिमेंटांचा यागी तिकडे पाहतसुद्धा नाही. अँटेना नवी शक्ती निर्माण करत नाही, एकीकडची काढून दुसरीकडे देतो, हे परीक्षेसाठी सर्वांनीच पाठ केलेले असते. पण ती शक्ती कोणाच्या ताटातून काढली गेली, हे त्या फोननंतर समजले. आपल्या घरचा यागी फिरवता येतो, रिपीटरचा नाही, आणि रिपीटरला ऐकू आला नाही तो माणूस सर्वांपुरताच गप्प होतो.

मग आम्ही हिशेब पुन्हा मांडला. गच्चीवरच्या संचापासून खांबाच्या टोकापर्यंत, सारी वळणे धरून, चाळीस मीटर आरजी-२१३ केबल गेली होती. १४५ मेगाहर्ट्झला तिच्यात साधारण साडेतीन डेसिबल, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक शक्ती जिरते, आणि तेवढीच तूट येणाऱ्या क्षीण संकेतालाही बसते. आम्ही संच खांबाच्या पायथ्याशी हलवला आणि एलएमआर-४०० केबल वापरली, तेव्हा तूट एका डेसिबलवर आली. कोणाचाही वाटा न कापता मिळालेला हा फायदा आधी सुचला नाही, याची मला अजून थोडी लाज वाटते.

अँटेना म्हणून आम्ही शेवटी चार फोल्डेड डायपोलांची, म्हणजे लांबट कड्यांसारख्या साध्या अँटेनांची, उभी रांग घेतली. हे डायपोल खांबाभोवती चारही दिशांना वाटले, तर ती रांग सगळीकडे सारखी, साधारण सहा डीबीडी, म्हणजे एकट्या डायपोलपेक्षा सहा डेसिबल जास्त, देते. सगळे एकाच बाजूला ठेवले, तर त्या बाजूला नऊच्या आसपास मिळतात आणि फक्त पाठीमागे खळगा पडतो. आम्ही ते सर्व आग्नेयेकडे वळवले. त्यामुळे बेलापूर आणि डोंबिवली दोन्ही समोरच्या रुंद पट्ट्यात आली आणि पाठ येऊरकडे झाली. खारघरच्या आड पारसिकची डोंगररांग येते, त्यावर मात्र कोणताही अँटेना उपाय नाही.

गंजक्या जोडांचाही अनुभव आला. रिपीटर ६०० किलोहर्ट्झच्या अंतरावर एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो. जवळच गंजलेला क्लॅम्प असला, तर तो डायोडसारखा वागून खरखर निर्माण करतो. ऑगस्टमध्ये एक पीएल-२५९ कनेक्टर उघडला, तर आतून पाण्याचा थेंब ओघळला आणि तांब्याची जाळी हिरवी पडली होती. तेव्हापासून बाहेर फक्त एन कनेक्टर, त्यावर रबरी टेप, आणि पाणी कनेक्टरकडे न जाता गळून पडावे म्हणून केबलला खाली एक झोल.

तो यागी आता खारघरच्या मित्राच्या गॅलरीत आहे, माजिवड्याकडे तोंड करून. काका रोज रात्री नेटवर सर्वांत आधी हजर असतात.