घाटग्यांचं किरण : बंगळुरूच्या विमान संग्रहालयात एक दुपार

बंगळुरूत मॅजेस्टिकहून कडुगोडीकडे जाणारी बस पकडली की ती जुन्या एअरपोर्ट रोडने रखडत रखडत एचएएलच्या भिंतीला लागते. मराठहळ्ळीच्या अलीकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, म्हणजे याच एचएएल या सरकारी विमान कंपनीचं, हेरिटेज सेंटर आणि संग्रहालय आहे. २००१ साली सुरू झालेलं. सोबत भाचा होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला. आत शिरताच तो मिग या लढाऊ विमानाकडे धावला. बहुतेक सगळे तिकडेच जातात. मला मात्र बघायचं होतं ते एचजेटी-१६, म्हणजे किरण, नवशिक्या वैमानिकांना जेट शिकवणारं विमान.

बागेत उघड्यावर उभ्या असलेल्या या विमानात नजर खिळवणारं काही नाही. बुटकं, गुबगुबीत नाकाचं, पंख सरळ. पंखांचा विस्तार १०.७ मीटर, वेग ताशी सातशे किलोमीटरच्या आत. जवळ गेलं की उन्हाने फिकटलेला रंग दिसतो, रिव्हेटच्या सरळ ओळी दिसतात, आणि काचेच्या छताखाली शेजारी शेजारी दोन आसनं.

"मामा, फायटरमध्ये तर पुढेमागे बसतात ना? इथे दोघं बाजूबाजूला का?" भाच्याने बरोबर मुद्दा पकडला. शेजारी बसलं की शिक्षकाला पोराचे हात दिसतात, चेहरा दिसतो. कुठे गोंधळ उडतोय, भीती कधी वाटतेय, हे त्याला इंटरकॉमवर विचारावं लागत नाही. मागच्या आसनावरून विद्यार्थ्याचं फक्त डोकं दिसतं. पुढची विमानं पुढेमागे आसनांचीच असतात, पण जेटची पहिली ओळख होताना ही शेजारची जागा मोलाची.

हे विमान डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या चमूने आखलं. घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट केली. आधुनिक वायुगतिकीचा पाया ज्यांनी घातला, ते हे प्रांटल. परत आल्यावर घाटग्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवलं आणि मग एचएएलमध्ये विमानं घडवली. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही त्यांचंच. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रांटलच्या शिष्याला वेगाच्या मागे लागणं अवघड नव्हतं. पण नवशिक्याच्या चुका पोटात घालेल असं विमान बनवणं हे वेगळं आणि माझ्या मते जास्त कठीण काम आहे, आणि घाटग्यांनी ते दोनदा केलं. आपल्याकडे शाळकरी पोरांना हे नाव माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या काळी एचएएलमध्ये मोठी धामधूम होती ती मारुतची. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आखलेलं ते लढाऊ विमान १७ जून १९६१ ला उडालं. किरणचं पहिलं उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ चं. दोन्ही वेळा चालवायला एकच माणूस, सुरंजन दास. पुढे जानेवारी १९७० मध्ये मारुतच्याच एका सुधारित नमुन्याची चाचणी घेताना ते गेले. संग्रहालयात मारुतही आहे. त्याची निमुळती चोच बघून कोणीही हरखेल. पण १९९० च्या सुमारास मारुत निवृत्त झालं आणि १९६८ पासून हवाई दलात दाखल होऊ लागलेलं किरण त्यानंतरही कित्येक वर्षं उडत राहिलं. सगळे प्रकार धरून जवळपास अडीचशे किरण बनली. भारतात आखलेल्या जेटमध्ये खरं यश मी यालाच म्हणेन.

आधीच्या किरणला ब्रिटिश वायपर इंजिन होतं, जोर बेताचा. १९७६ मध्ये उडालेल्या मार्क-२ ला जास्त ताकदीचं ऑर्फियस बसवलं, शिवाय नाकात दोन मशीनगन आणि पंखांखाली चार ठिकाणी शस्त्रं टांगायची सोय. म्हणजे उडायला शिकलेल्याला त्याच विमानावर नेमबाजीही शिकता येई. संग्रहालयात इंजिनांचं वेगळं दालन आहे, तिथे भाचा बराच वेळ रमला.

बहुतेकांनी किरण पाहिलं असेल ते नारिंगी-पांढऱ्या रंगात, हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरतींत. १९९६ मध्ये बीदरला हे पथक उभं राहिलं, पुढे नऊ विमानांची रचना करू लागलं. नौदलाचं सागर पवन पथकही किरणवरच होतं, गोव्याच्या दाबोळीतलं. ३ मार्च २०१० ला हैदराबादच्या बेगमपेटला कसरती करताना त्यांचं एक विमान कोसळलं आणि दोन नौदल अधिकारी गेले.

सूर्यकिरणची विमानं २०११ मध्ये काढून घेतली गेली, त्यामागची गोष्ट किरणचं मोल सांगते. अगदी पहिल्या टप्प्याचं एचपीटी-३२ दीपक हे विमान २००९ मध्ये अपघातांमुळे जमिनीवर आणलं गेलं. मग कोऱ्या पाटीच्या पोरांना थेट किरणवर बसवावं लागलं, आणि त्यासाठी असतील नसतील तेवढी किरणं हवी होती. दीपकच्या जागी स्विस पिलॅटस विमानं येईपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, हा भार किरणने वाहिला. किरणची जागा घ्यायला आखलेलं एचजेटी-३६ २००३ मध्येच उडालं होतं, पण गिरकीत, म्हणजे गरगरत खाली येण्यात, सापडल्यावर त्यातून सुखरूप बाहेर येण्याचा प्रश्न सुटता सुटेना. गिरकी घेणं आणि ती सोडवणं हा वैमानिकाच्या शिक्षणातला अटळ धडा. तो धडा किरणवर पिढ्यान्‌पिढ्या गिरवला गेला.

या संग्रहालयाला जायचं तर उन्हं उतरल्यावर जा, विमानं उघड्यावर आहेत. आणि गोव्याला जाणाऱ्यांनी बोगमाळोच्या वाटेवरचं नौदलाचं विमान संग्रहालय चुकवू नये. तिथे व्हॅम्पायर टी-५५ हे ब्रिटिश प्रशिक्षण जेट उभं आहे, शेजारी शेजारी आसनांचं, वैमानिकांच्या कप्प्याचा सांगाडा चक्क लाकडी. किरणने ज्याची जागा घेतली ते हेच. आता पुढचा बेत तिथलाच.