वर डोंगर, खाली समुद्र

जपानमधल्या कोबे शहरात राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी रस्त्यावरच्या एका बाईंना भाजीच्या दुकानाचा पत्ता विचारला, तेव्हा त्यांनी डावे-उजवे असे काहीच न सांगता "डोंगराच्या बाजूला दोन गल्ल्या" एवढेच सांगितले आणि हसून वाकून निरोप घेतला. मी बराच वेळ तिथेच उभी होते. या शहरात दिशा दोनच आहेत, यामागावा म्हणजे डोंगराची बाजू आणि उमिगावा म्हणजे समुद्राची बाजू, हे मला नंतर कळले. उत्तरेला रोक्कोची डोंगररांग, दक्षिणेला ओसाकाचा उपसागर आणि या दोहोंच्या मध्ये, काही ठिकाणी तर जेमतेम दोन-तीन किलोमीटरच्या पट्टीत, सारे शहर दाटीवाटीने वसलेले आहे. त्यामुळे मान वर केली की उत्तर सापडते, आणि रस्ता चुकण्यासाठी खरोखरच प्रयत्न करावे लागतात.

आम्ही नादा वॉर्डमध्ये, हांक्यू रेल्वेच्या रोक्को स्थानकापासून थोडे चढावर राहतो. आमच्या भागातून तीन रेल्वेमार्ग एकमेकांना समांतर जातात. सर्वांत वर हांक्यूच्या तपकिरी-लालसर गाड्या, मध्ये जेआर म्हणजे जपान रेल्वे आणि सर्वांत खाली, समुद्राजवळ, हान्शिन. सान्नोमियाला, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात, जायला तिन्ही चालतात. मात्र परत येताना कोणत्या मार्गाने यावे याचा निर्णय हातातल्या पिशव्यांचे वजन पाहूनच घ्यावा लागतो, कारण खालच्या स्थानकावर उतरले की उरलेला सगळा डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा असतो. बॅटरीवर चालणारी, पुढे टोपली आणि मागे मुलाची खुर्ची असलेली सायकल घेणे मला आरंभी चैनीचे वाटले होते. आता तिच्याशिवाय दुधाच्या दोन पिशव्यासुद्धा आणवत नाहीत.

माझा नवरा रोज पोर्ट आयलंडवर कामाला जातो. समुद्रात भर घालून केलेले हे बेट, आणि तिथे जाणारी चालकाविना धावणारी गाडी, अशी दोन्ही १९८१ सालची. बेटासाठी लागलेली माती शहराच्या पश्चिमेकडचे डोंगर कापून, सरकत्या पट्ट्यांवरून किनाऱ्यापर्यंत आणलेली आहे. "मी रोज डोंगरावरून निघून डोंगरावरच कामाला जातो," असे तो म्हणतो. विनोद जुना झाला असला तरी आम्ही हसतो.

गेल्या वर्षी सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या मूळच्या गुहागरकडच्या. मला जे उमगायला सहा महिने लागले, ते त्यांना दोन दिवसांत उमगले. हांक्यूच्या वरचा भाग म्हणजे वरची आळी, हान्शिनकडचा भाग म्हणजे खालची आळी, घरांच्या मधून चढणाऱ्या पायऱ्या म्हणजे पाखाडी, आणि आमच्या जवळून वाहणारी तोगा नदी म्हणजे, त्यांच्या मते, पऱ्या. नकाशावर नदी असे लिहिलेले आहे, हे मी त्यांना दाखवले. "पावसात धावतो आणि एरवी घोट्याएवढा असतो, तो पऱ्याच," असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

त्यांचे म्हणणे अचूक होते, आणि ते थोडे भीतीदायकही आहे. उन्हाळ्यात या नदीच्या पात्रात उतरून मुले मासे-खेकडे शोधत असतात. आमची मुलगीही असते. २८ जुलै २००८ रोजी डोंगरावर अचानक कोसळलेल्या पावसाने या पाण्याची पातळी दहा मिनिटांत १.३४ मीटरने वाढली आणि लहान मुलांसह पाच जण वाहून जाऊन मरण पावले. त्यानंतर काठाने फिरते दिवे बसवण्यात आले. मुसळधार पावसाचा इशारा मिळाला की ते लागतात, आणि मग खाली ऊन पडलेले असले तरी पात्रातून बाहेर यायचे असते. आमच्या घरात या नियमावर चर्चा होत नाही.

संध्याकाळच्या फेरफटक्यात भेटणारी दुसरी डोंगरी मंडळी म्हणजे रानडुकरे. ती खुशाल वस्तीत उतरतात, कचऱ्याच्या पिशव्या फाडतात आणि हातात लोंबणारी किराण्याची पिशवी दिसली तर माणसाच्या मागेही लागतात. त्यांना खायला घालू नये असा कोबे शहराचा नियमच २००२ पासून आहे. पाठीवर पट्टे असलेली तीन पिल्ले घेऊन एक मादी आमच्या समोरून रस्ता ओलांडत होती आणि दोन्हीकडचे लोक शांतपणे थांबले होते, तेव्हा सासूबाई, ज्यांच्या भातशेतीचे डुकरांनी अनेकदा वाटोळे केले आहे, काहीशा रागानेच म्हणाल्या, "यांना मान बघा किती!"

रविवारी आम्ही बहुधा वरच जातो. १९३२ पासून चालणारी केबल कार दहा मिनिटांत रोक्कोवर पोहोचवते, आणि वर खालच्यापेक्षा चांगलाच गारवा असतो. या डोंगरावर उन्हाळी घरांची टूम आणली ती आर्थर ग्रूम या इंग्रज व्यापाऱ्याने. त्याने १८९५ मध्ये इथे घर बांधले आणि १९०३ मध्ये जपानमधला पहिला गोल्फ क्लब सुरू केला. त्या काळी झाडे तोडून तोडून डोंगर बोडका झालेला होता. १९०२ पासून माणसांनी लागवड सुरू केली, तेव्हा आजचे हे हिरवेपण आले. मला हे ग्रूमच्या गोल्फपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

सासूबाई परतण्याच्या आधीच्या रविवारी मात्र आम्ही खाली, बंदरावर गेलो. मेरिकेन पार्कमध्ये १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात खचलेल्या धक्क्याचा एक तुकडा तसाच जपलेला आहे. तिरके झालेले दिव्याचे खांब, पाण्यात कललेले काँक्रीट. मुलीने शाळेत दर जानेवारीत शिकवतात ते नियम आजीला म्हणून दाखवले: ढकलायचे नाही, धावायचे नाही, बोलायचे नाही, मागे फिरायचे नाही. नवऱ्याने याच बंदरातून १८९३ मध्ये मुंबईसाठी कापसाची नियमित जहाजसेवा सुरू झाली होती आणि तिच्यामागे जमशेटजी टाटांचाही हात होता, हे सांगितले. सासूबाईंनी ऐकून घेतले. पण त्यांचे डोळे पाठीमागच्या डोंगरावर आमची इमारत शोधत होते. ढगांमुळे ती काही दिसली नाही.

अंधार पडू लागला, तशी त्यांनी पिशवी उचलली. जवळच्या मोतोमाची स्थानकावरून जेआरने जाता येईल, असे मी म्हणाले. "नको गं," त्या म्हणाल्या, "सान्नोमियापर्यंत चालू, पण गाडी वरचीच धरू. चढ तेवढाच कमी."