आधी दिसलं पाहिजे, नाव नंतर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा समितीचा फोन आला तेव्हाच ठरवलं की आपण मराठीच्या तासाबद्दल लिहायचं. गॅदरिंग, मैदान, मधली सुट्टी यावर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते अलंकार, वृत्त, कथानक, निवेदक या शब्दांबद्दल, कारण आमच्या १९९१ च्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना हे शब्द दहावीच्या पेपरनंतर परत कधी लागलेच नाहीत आणि मला मात्र अजून काहीही वाचायला घेतलं की लागतात. त्याचं सगळं श्रेय आमच्या मराठीच्या बाईंना. त्यांचं नाव लिहीत नाही, छापलेलं त्यांना आवडणार नाही, पण आमच्या वेळच्या सगळ्यांना कळेलच.

बाईंची एकच अट असायची, ओळीत काय चाललंय ते आधी सांग, नाव मी नंतर विचारते. म्हणजे व्याख्या घोकून आलेल्या मुलालाही उत्तर मिळायचं, "बरोबर आहे, पण तुला दिसलं का?" एकदा फळ्यावर त्यांनी तीन वाक्यं लिहिली. पर्वती हत्तीसारखी दिसते. पर्वती म्हणजे जणू बसलेला हत्तीच. पर्वतीचा हत्ती पुण्यावर नजर ठेवून बसलाय. मग विचारलं की टेकडी आणि हत्ती यांच्यातलं अंतर कुठल्या वाक्यात किती उरलंय. पहिल्यात दोघं शेजारी उभे आहेत, दुसऱ्यात मनाला तसं वाटायला लागलंय, तिसऱ्यात फरकच उरला नाही, एवढं वर्गातूनच आलं आणि मग कुठे उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ही नावं फळ्यावर आली. जिची तुलना करायची ती पर्वती उपमेय, जिच्याशी करायची तो हत्ती उपमान, 'सारखी' हा साम्यवाचक शब्द. परीक्षेसाठी वेगळा अभ्यास करावाच लागला नाही.

वृत्ताचंही तसंच. मनाचे श्लोक आमच्यातल्या बऱ्याच जणांना घरूनच पाठ होते, त्यामुळे बाईंनी आधी नुसत्या टाळ्या वाजवायला लावल्या. मना सज्जना भक्तिपंथेचि जावे. म-ना-स, ज्ज-ना-भ, क्ति-पं-थे, चि-जा-वे, दर वेळी एक आखूड आणि दोन लांब. मग कोणीतरी विचारलं की 'सज्जना'मधला स तर ह्रस्व आहे, तो लांब कसा, तेव्हा म्हणाल्या पुढे जोडाक्षर आहे ना, त्याचा आघात मागच्या अक्षरावर येतो म्हणून तो गुरू, परत म्हणून बघा, जीभ आपोआप तिथे थांबते. तीन-तीन अक्षरांचे गण लक्षात ठेवायचं सूत्र, यमाताराजभानसलगं, त्यानंतर आलं. यमाता म्हणजे लघु गुरू गुरू, तो य गण, तसे चार य गण ओळीत आले की बारा अक्षरं आणि भुजंगप्रयात. हाताला आधी कळलेलं असल्यामुळे ते डोक्यातून गेलंच नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो कथानक आणि निवेदक शिकवलेला तास. बाई लहानपणी शनिवार पेठेत राहायच्या, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा शाळकरी वयाच्या होत्या. त्यांनी आधी सरळ सांगितलं, धरण फुटलं, त्याच दिवशी खाली खडकवासलाही फुटलं, नदीचं पाणी पेठांमध्ये शिरलं, घरं पडली. मग म्हणाल्या ह्या झाल्या घटना. आता ऐका. आणि सुरुवात केली ती पाणी ओसरल्यानंतरच्या भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेपासून, आई त्या रेघेकडे बघत उभी आहे आणि मुलीला अजून माहीत नाही की काय काय गेलंय. घटना त्याच, फक्त क्रम बदलला आणि काय आधी सांगायचं, काय मागे ठेवायचं ते बदललं, ही मांडणी म्हणजे कथानक, आणि वर्गात कोणी हलेना. तिसऱ्यांदा त्यांनी तेच पेपरातल्या बातमीसारखं सांगितलं, 'मी' पूर्ण काढून टाकून, आणि विचारलं आता तुम्हाला आईची भीती का नाही वाटली? कोण सांगतंय, म्हणजे निवेदक कोण, यावर आपल्याला किती कळणार आणि किती लपणार हे ठरतं, हे मला त्या दिवशी समजलं. आजही बातमी असो, कथा असो, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमधलं कोणाचं भांडण असो, मी आधी बघतो की सांगणारा कुठे उभा आहे.

बालकवींची औदुंबर आठ ओळींची कविता, त्यावर बाईंनी दोन तास घेतले. कविताभर 'मी' कुठेच नाही, मग बघतंय कोण? आधी फक्त रंग शोधायला लावले. हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, आणि ती वाट जाते काळ्या डोहाकडे, म्हणजे उजेडातून अंधाराकडे नजर कशी सरकते ते आम्हीच फळ्यावर मांडलं. मग शेवटची ओळ, पाय टाकुनी जळांत बसला. झाडाला पाय कसे? निर्जीव किंवा माणूस नसलेली गोष्ट माणसासारखी वागते ती चेतनगुणोक्ती, हे सांगायला बाईंना अर्धं मिनिट लागलं असेल, पण तो एकटा, शांत बसलेला कोण आहे, सुखात आहे की दुःखात, यावर घंटा झाली तरी आमचा वाद चालू होता आणि बाईंनी शेवटपर्यंत निकाल दिला नाही. मला वाटतं त्यांनी तो मुद्दामच दिला नाही.

हल्ली माझी मुलगी नववीत आहे. तिच्या गाइडमध्ये अलंकाराची व्याख्या, लक्षणं, एक उदाहरण, सगळं चौकटीत आयतं दिलेलं असतं आणि तिला ते पाठही असतं, पण नवीन कविता समोर ठेवली की अडते, कारण ओळखायची ओळ चौकटीतलीच असेल अशी सवय झालीये. हे बघून खरंच वाईट वाटतं. ही नावं म्हणजे वाचताना हातात धरायचा कंदील आहे, तो मुलांच्या हातात न देता त्याचं चित्र काढून घेतो आपण.

म्हणून शाळेला माझी मनापासून विनंती आहे, आठवी-नववीच्या मुलांसाठी असा एक जादा तास सुरू करता आला तर बघा. मी शनिवारी मोकळा असतो, औदुंबर आणि कोणाच्याही घरातली एखादी खरी गोष्ट एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. आणि बाई जर यायला तयार झाल्या तर पहिला तास त्यांनीच घ्यावा, आम्ही मागच्या बाकावर बसतो.