कालची ओळ आज पेस्ट झाली

'पेस्ट चुकीचं होतंय' अशी तक्रार आली की मी आधी तक्रार करणाऱ्यावरच संशय घेतो. जुनी खोड आहे. त्या दिवशीही तेच केलं.

टेस्टर सांगत होती की आमच्या प्रोग्रॅमच्या लॉग विंडोतून तिने एक ओळ निवडली, ती विंडो बंद केली आणि शेजारच्या आमच्याच कमांड विंडोत ती पेस्ट करायला माउसचं मधलं बटण दाबलं. उमटली भलतीच ओळ: अख्खी डिरेक्टरी पुसणारी कमांड, तीही शेवटच्या एंटरसकट. म्हणजे उमटली आणि चाललीसुद्धा. चाचणीचं मशीन होतं म्हणून निभावलं.

"तूच कधीतरी ती कॉपी केली असशील," मी म्हटलं.

"केली होती ना. पण काल. आणि दुसऱ्याच एडिटरमध्ये."

मग मात्र मी तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. एंटर आपोआप लागू नये एवढी तजवीज करून तीनदा तेच केलं, तिन्ही वेळा कालचीच ओळ. लॉग विंडो उघडी ठेवली की बरोबर मजकूर येई, बंद केली की पुन्हा काल.

अर्धं कोडं मला तिथेच सुटलं. लिनक्स-युनिक्सवर पडद्यावरच्या विंडो सांभाळणाऱ्या एक्स विंडो सिस्टिममध्ये, म्हणजे १९८७ पासून चालत आलेल्या एक्स ११ मध्ये, मजकूर निवडला म्हणून तो कुठे साठवला जात नाही. प्रोग्रॅम सर्व्हरला, म्हणजे पडदा आणि माउस सांभाळणाऱ्या एक्सच्या मुख्य प्रोग्रॅमला, इतकंच कळवतो की प्रायमरी सिलेक्शनची (माउसने निवडून मधल्या बटणाने पेस्ट होणाऱ्या मजकुराची) मालक आता माझी अमुक विंडो. पेस्ट करणारा मागणी करतो, सर्व्हर ती मालकाकडे धाडतो आणि मालक तेव्हा कुठे मजकूर काढून देतो. कॉपी म्हणजे नुसता वायदा. मालक विंडो गेली की वायदाही गेला आणि मागणाऱ्याला नकार मिळतो. म्हणजे पेस्ट रिकामं यायला हवं होतं. कालची ओळ कुठून आली?

टर्मिनलमध्ये रूट विंडोवर, म्हणजे सगळ्या विंडोंच्या मागच्या मूळ विंडोवर, एक्सप्रॉप चालवलं; विंडोला जोडलेली माहिती, म्हणजे प्रॉपर्टी, दाखवणारी ही कमांड. प्रॉपर्टींची लांबलचक यादी सरकत गेली आणि मधेच दिसलं: कट-बफर-शून्य, प्रकार स्ट्रिंग, आणि पुढे अवतरणात तीच डिरेक्टरी पुसणारी कमांड. शेवटी नव्या ओळीची खूणही जशीच्या तशी.

कट बफर हा सिलेक्शनच्या आधीचा प्रकार. शून्य ते सात असे आठ, पहिल्या स्क्रीनच्या रूट विंडोवर टांगलेले. इथे मजकूर खरोखर सर्व्हरकडे राहतो, लिहिणारा प्रोग्रॅम बंद झाला तरी. मजकूर लॅटिन-१ मधलाच, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांच्या अक्षरसंचातलाच, असावा असा नियम, त्यामुळे देवनागरीला तिथे अधिकृत जागाच नाही. नव्या प्रोग्रॅमांनी ते वापरू नयेत हे मला पाठ होतं. पण टेस्टरचा तो जुना एडिटर दर कॉपीला तिथेही एक प्रत टाकत होता, आणि टेस्टर आदल्या दिवसापासून लॉग आउट झालेली नव्हती.

लिहिणारा सापडला, वाचणारा कोण? आमचा कोड धुंडाळला. सिलेक्शनकडून नकार आला की कट-बफर-शून्य वाचणाऱ्या चार ओळी निघाल्या. वर टिप्पणी: 'काहीच न मिळण्यापेक्षा बरं.' बदलांच्या नोंदीत नाव माझंच. एक्सटर्म हा एक्सचा जुना टर्मिनल प्रोग्रॅम असंच करतो हे बघून मीच ते घातलं होतं, मोठ्या कौतुकाने.

त्या चार ओळी काढल्या. त्याने चुकीचं पेस्ट थांबलं, पण लॉग विंडो बंद केल्यावर मजकूर मिळायला हवा हे तिचं म्हणणं रास्तच होतं. कॉपी केलेला मजकूर सांभाळणाऱ्या क्लिपबोर्ड मॅनेजर प्रोग्रॅमवर सोपवावं असं आधी वाटलं, पण बंद होताना मजकूर त्याच्या हवाली करायची सोय आहे ती क्लिपबोर्ड सिलेक्शनपुरती, म्हणजे मुद्दाम 'कॉपी' म्हणून घेतलेल्या मजकुरापुरती. मधल्या बटणाचं प्रायमरी त्यात येत नाही. शेवटी प्रोग्रॅम चालू असेपर्यंत जिवंत राहणारी, पडद्यावर कधीच न येणारी एक छोटी विंडो केली आणि सिलेक्शनची मालकी तिच्या नावावर लावली. निवडलेल्या मजकुराची प्रतही प्रोग्रॅमच्या मेमरीत ठेवली. लॉग विंडो खुशाल बंद करा.

संध्याकाळी टेस्टरने पुन्हा तपासलं, बरोबर ओळ आली. जाताना तिने विचारलं, "पण ती कालची कमांड अजून तिथेच आहे का?"

एक्सप्रॉप चालवून पाहिलं. होती. ती प्रॉपर्टी तिने स्वतः काढून टाकली, मगच लॉग आउट केलं.