सांता पॉडची धावपट्टी आणि शेजाऱ्यांची तक्रार

इंग्लंडमधल्या वेलिंगबरोजवळच्या आमच्या वसाहतीत अलीकडेच घर घेतलेले एक गृहस्थ परवा कुंपणापाशी उभे राहून मला सांगत होते, की शनिवार-रविवारी शेतांपलीकडून येणारा तो गडगडाट कोणीतरी कायमचा बंद पाडला पाहिजे. तो गडगडाट पॉडिंग्टन गावालगतच्या सांता पॉड रेसवेवरचा, म्हणजे ड्रॅग रेसिंगच्या, सरळ पट्टीवर जोडीने पळवायच्या मोटारींच्या शर्यतींच्या, युरोपातल्या पहिल्या कायमस्वरूपी धावपट्टीवरचा. परक्या मुलखात राहणारा माणूस शेजाऱ्यांशी सहसा वाद घालत नाही, आणि मीही इतकी वर्षे घातला नव्हता. या वेळी मात्र राहवले नाही. जिथे १९६६ सालच्या ईस्टरपासून शर्यती चालू आहेत, त्या परिसरात आज घर विकत घ्यायचे आणि उद्या शर्यतींच्या आवाजाविरुद्ध ओरडायचे, हा न्याय माझ्या पचनी पडत नाही, असे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले. त्यांनी हवापाण्याचा विषय काढला, आणि इंग्लंडमध्ये हवापाण्याचा विषय निघाला म्हणजे वाद संपला असे समजायचे असते. माझा संपलेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही जागा मुळात दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ. अमेरिकेच्या ९२व्या बाँबर तुकडीची बी-१७ विमाने येथून जर्मनीवरच्या हल्ल्यांसाठी उडत असत. युद्ध संपल्यावर असे कित्येक विमानतळ ओसाड पडले, आणि काहींच्या लांब, सपाट पट्ट्यांवर मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. सिल्व्हरस्टोन हे त्यांपैकीच एक. १९५२ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेले मोटार-उत्पादक सिडनी अलार्ड यांनी ड्रॅग रेसिंगचे वेड इंग्लंडमध्ये रुजवले, आणि १९६४ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने डॉन गार्लिट्स, टॉमी आयव्हो यांच्यासारखे अमेरिकी चालक या देशात येऊन धावून गेले. सांता पॉड ज्या ईस्टरला सुरू झाले, त्याच आठवड्यात, १२ एप्रिल १९६६ रोजी अलार्ड यांचे निधन झाले. पुढे १९८४ मध्ये याच पट्टीवर सॅमी मिलर या अमेरिकी चालकाने रॉकेटच्या जोरावर चालणारी गाडी पाव मैल ३.५८ सेकंदांत नेली, ही गोष्ट येथले जुने लोक अजूनही आपण स्वतः गाडीत बसलो होतो अशा थाटात सांगतात.

खेळ सांगायला सोपा आहे. सरळ पट्टीवर दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, आणि पाव मैल म्हणजे ४०२ मीटर आधी पार करणारी जिंकते. टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गासाठी हे अंतर १००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर ठेवलेले आहे. आमच्या खेड-मंचरकडच्या वाचकांना तर याहून अधिक सांगण्याची गरजच नाही, कारण घाटातल्या बैलगाडा शर्यतीत सेकंदाच्या अंशावर नंबर लागतात आणि त्या अंशासाठी वर्षभर खुराक चालतो, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. फरक इतकाच, की येथे आठ सिलिंडरांचे, ८.२ लिटरचे इंजिन ११,००० अश्वशक्तीच्या आसपास जोर देते, त्यात पेट्रोलऐवजी नव्वद टक्के नायट्रोमिथेन जळते, आणि गाडी चार सेकंदांच्या आत ताशी ४८० किलोमीटरचा वेग गाठून पॅराशूट उघडते. आवाज कानांना ऐकू येतो असे म्हणणे अपुरे आहे. तो बरगड्यांत शिरतो.

परंतु मला ज्या गोष्टीने खरोखर थक्क केले, ती वेग किंवा आवाज नव्हे, तर पट्टीची निगा. गेल्या सप्टेंबरच्या युरोपियन फायनल्समध्ये एका गाडीचे इंजिन अर्ध्या वाटेत फुटले आणि पट्टीवर दूरवर तेल सांडले. आपल्याकडे अशा वेळी माती टाकली असती, झाडू फिरवला असता आणि पुढची जोडी सोडली असती, असे मला वाटले. येथे मात्र एकाएकी दहा-पंधरा माणसे धावत आली, त्यांनी तेल शोषणारी भुकटी पसरली, ती गोळा केली, यंत्रांनी पट्टी धुतली, वाळवली, खरवडली, आणि मग गुडघ्यांवर बसून तळहाताने तपासली. त्यानंतर तिच्यावर पुन्हा चिकट राळेसारखे द्रव्य फवारले आणि टायर लावलेल्या अवजड यंत्राने रबराचा थर नव्याने बसवला. चार सेकंदांच्या धावेसाठी तासाभराहून अधिक वेळ गेला, आणि या अवधीत प्रेक्षकांतून एकही शिट्टी वाजली नाही. लोक थर्मासमधला चहा पीत, घडीच्या खुर्च्यांवर बसून, ती सफाई जणू शर्यतच असावी तशा एकाग्रतेने पाहत होते.

ही निगा कशासाठी, हे पिटमधल्या, म्हणजे गाड्यांची दुरुस्ती आणि तयारी चालते त्या आवारातल्या, एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने मला समजावून सांगितले. (येथे तिकीट काढलेला कोणीही माणूस पिटमध्ये जाऊन उघड्या इंजिनापाशी उभा राहू शकतो, क्रिकेटच्या सामन्यात ड्रेसिंग रूममध्ये जाऊन पाहा.) टॉप फ्युएलची मागची चाके पहिल्या क्षणी जेवढा जोर पट्टीवर लावतात, तो पेलण्यासाठी नुसते काँक्रीट पुरत नाही, पट्टी इतकी चिकट असावी लागते की चालणाऱ्याचा बूट तिच्यात अडकून पायातून निघावा. हा चिकटपणा उन्हाने, ढगाने, वाऱ्याने बदलतो, आणि पावसाच्या चार थेंबांनीही नाहीसा होतो. २०१८ मध्ये येथल्या पट्टीवर पूर्ण लांबीचे नवे काँक्रीट घालण्यात आले, त्याचेही कारण हेच. ज्या देशात पावसाला ऋतू लागत नाही, तेथे पावसाच्या एका सरीने संपूर्ण दिवस वाया जाणारा खेळ लोकांनी साठ वर्षे टिकवावा, हा हट्ट मला पुणेरी वाटतो, आणि हे मी कौतुकानेच म्हणतो.

त्या स्वयंसेवकाला दिवसाचे किती मिळतात, असे मी आपल्या सवयीने विचारले. जेवण मिळते, असे तो म्हणाला.

या एका उत्तरात युरोपातल्या ड्रॅग रेसिंगची सद्यःस्थिती आली आहे. अमेरिकेत हा खेळ म्हणजे दूरचित्रवाणी, मोठे प्रायोजक आणि पगारी संघ. येथे फिया या जागतिक संस्थेची युरोपीय अजिंक्यपद मालिका असूनही बहुतेक संघ घरचे आहेत. वडील इंजिन बांधतात, आई पॅराशूटची घडी घालते, मुलगी गाडी चालवते, आणि सोमवारी सगळे आपापल्या कामांवर हजर होतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये तास-दीड तासात हेच लोक इंजिन उघडतात, पिस्टन आणि क्लचच्या चकत्या बदलतात, आणि पुन्हा जोडून रांगेत उभे राहतात. इंग्लंडमधले सांता पॉड, स्वीडनमधले २०११ साली उघडलेले टिएर्प, जर्मनीतले हॉकेनहाइम, फिनलंड आणि नॉर्वेमधल्या धावपट्ट्या, अशी ही मंडळी उन्हाळाभर ट्रकमधून हजारो किलोमीटर फिरतात. त्यात ब्रेक्झिटनंतर इंग्लंड आणि युरोपच्या सीमेवर सुट्या भागांची यादी देऊन तात्पुरत्या आयातीचे कागद करावे लागतात, ही भर पडली. टॉप फ्युएलच्या वर्गात आठ गाड्या जमल्या तरी आयोजक खूश असतात, हे प्रेक्षक म्हणून सांगताना मला थोडे वाईट वाटते.

तरीही या छोट्या वर्तुळात अशी एक गोष्ट घडलेली आहे, जी मोठ्या पैशांच्या बहुतेक मोटार-खेळांना साधलेली नाही. टॉप फ्युएलच्या युरोपीय अजिंक्यपदावर फिनलंडच्या अनिता मॅकेला यांनी एकाहून अधिक वेळा नाव कोरले, २०२३ चे अजिंक्यपद स्वीडनच्या इडा झेटरस्ट्रोम यांनी जिंकले, आणि नॉर्वेच्या लिव्ह बेरस्टाड, स्वित्झर्लंडच्या इंडिया एरबाखर अशी नावे याच वर्गात पुरुषांच्या बरोबरीने धावली. त्यासाठी वेगळा महिला गट नाही. माल्टासारख्या एवढ्याशा बेटावरचे डंकन मिकालेफ २०१७ मध्ये अजिंक्य ठरले, हेही याच मोकळेपणाचे फळ. परंतु गुणवत्ता दिसताच अमेरिका ती उचलते. झेटरस्ट्रोम अजिंक्यपदानंतर पुढच्याच वर्षी तिकडे धावू लागल्या. हुशार मुलांना बाहेर पाठवून मागे कौतुक करत बसण्याचा अनुभव असलेल्या समाजातून आल्यामुळे मला याचे नवल वाटले नाही, आणि मी स्वतःच बाहेर आलेला असल्यामुळे त्यावर बोलण्याचा अधिकारही फारसा नाही.

या खेळाच्या भवितव्याबद्दल पिटमध्ये दोन धास्ती ऐकू येतात. पहिली इंधनाची. नायट्रोमिथेनचा वापर स्फोटकांतही होऊ शकतो, म्हणून युरोपीय संघाने २०१९ साली केलेला आणि फेब्रुवारी २०२१ पासून लागू झालेला नियम असा, की १६ टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे नायट्रोमिथेन सर्वसामान्य माणसाला परवान्याशिवाय घेता येत नाही. ब्रिटनमध्येही वेगळ्या कायद्याने तसाच परवाना लागतो. बर्नआउट, म्हणजे धावेआधी चाके गरगर फिरवून टायर तापवणे, धरून एका खेपेत सुमारे ५० लिटर पिणाऱ्या गाडीसाठी हे कागद, त्या इंधनाची वाहतूक आणि त्याची किंमत सांभाळणे घरगुती संघाला जड जाते. नियम चुकीचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

दुसरी धास्ती विजेची, आणि ती मला खोटी वाटते. क्रोएशियाच्या रिमॅक कंपनीची नेव्हेरा ही विजेवरची मोटार २०२१ मध्येच पाव मैल ८.५८ सेकंदांत धावली, आणि रस्त्यावर चालवता येणारी गाडी हे करू शकते म्हटल्यावर गडगडाटी इंजिनांचे काय होणार, असा प्रश्न लोक विचारतात. परंतु तिकीट काढून येणारा माणूस केवळ आकडा पाहायला येत नाही. विजेच्या गाड्यांसाठी वेगळे वर्ग निघतील, शेजारी शांत झोपतील, आणि नायट्रोच्या वर्गाला गर्दी होतच राहील, असे मला वाटते.

खरे संकट जमिनीचे आहे. स्ट्रॅटफर्डजवळच्या लाँग मार्स्टन विमानतळावर शेक्सपिअर काउंटी रेसवे नावाची जुनी धावपट्टी होती. २०१७ मध्ये त्या परिसराची निवड नव्या घरांच्या 'गार्डन व्हिलेज' योजनेत झाली, आणि तेथल्या शर्यती थांबल्या. घरे हवीत, हे मी नाकारत नाही. मी स्वतः नव्या वसाहतीतच राहतो. पण सपाट, लांब आणि वस्तीपासून दूर अशी जागा एकदा गेली की पुन्हा मिळत नाही, आणि जी उरते तिच्याभोवती माझ्या शेजाऱ्यांसारखी मंडळी घरे घेऊन कान झाकत बसतात. युरोपातले ड्रॅग रेसिंग नियमांनी किंवा बॅटरीने नव्हे, तर विटांनी संपेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे कोणी म्हणेल, की आपल्याकडे काय आहे? लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर 'व्हॅली रन' होते, तिथे पुण्या-मुंबईची मुले स्वतः सुधारलेल्या गाड्या घेऊन येतात, आणि आमच्या चिंचवड-भोसरीच्या शेडमधला फिटर येथल्या कोणत्याही पिटमध्ये मानाने उभा राहील. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये बंदी आली, तेव्हा गावोगावचे लोक न्यायालयापर्यंत लढले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. आपल्या खेळासाठी झगडणे आपल्याला येत नाही, असे कोणी म्हणू नये. मात्र घाटासाठी जी एकजूट दिसली, ती मोटारींच्या धावपट्टीसाठी दिसत नाही, आणि मग वांद्रे रेक्लमेशनवर रात्री मोटरसायकली पळवणाऱ्या पोरांना पोलिसांनी पकडायचे आणि वर्तमानपत्रांनी झोडपायचे, एवढेच उरते.

सांता पॉडवर याला 'रन व्हॉट यू ब्रंग' नावाचे उत्तर आहे. ठरलेल्या दिवशी पैसे भरून, परवाना दाखवून आणि सुरक्षेचे नियम पाळून कोणीही आपली रोजची गाडी त्याच पट्टीवर पळवू शकतो, आणि शेवटी हातात कागदाची चिठ्ठी मिळते, जिच्यावर दिव्याला दिलेल्या प्रतिसादापासून शेवटच्या वेगापर्यंत सगळे छापलेले असते. आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठी ज्युनिअर ड्रॅगस्टर हा छोट्या गाड्यांचा वर्गही आहे. कॉव्हेंट्री आणि लेस्टरला शिकायला आलेली आपली मुले भाड्याच्या गाड्या रात्री मोटरवेवर हाणतात असे माझ्या कानावर येते. त्यांच्या आईवडिलांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी मुलाला सांगावे, की स्वतःची जुनी हॅचबॅक घे आणि अशा एखाद्या दिवशी पॉडिंग्टनला ये. भाड्याच्या गाडीचा विमा शर्यतीला चालत नाही, तेवढे ध्यानात ठेवावे. कानांत घालायचे बोळे माझ्याकडे जास्तीचे आहेत.