बेल वाजली की बाबा आधी खिडकीतून बघतात

मागच्या महिन्यात अप्पा बळवंत चौकातून इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सची कादंबरी 'लिटल डॉरिट' आणली. जाडजूड पुस्तक, टाइप बारीक, पहिली शंभरेक पानं कशीबशी ढकलली, पण मग जे धरलं ते सोडवेना.

गोष्ट घडते मार्शलसीत. मार्शलसी म्हणजे लंडनमधला तुरुंग, कर्ज न फेडता आलेल्या लोकांना तिथे टाकायचे. कर्ज फेडायचं तर कमवायला हवं आणि कमवायला बाहेर सोडायचे नाहीत, हा कसला न्याय, वाचतानासुद्धा संताप येतो. विल्यम डॉरिट तिथे वीस वर्षांहून जास्त काढतो, त्याची धाकटी मुलगी एमी तिथेच जन्मते. ती दिवसा बाहेर शिवणकाम करून घर चालवते आणि रात्री दार बंद व्हायच्या आत परत येते, आणि बापाला मुलगी काम करते हे माहीतच नाही असं सगळे वागतात कारण त्याला ते सहन होणार नाही.

डिकन्सला हे कुठे शोधायला जावं लागलं नाही. १८२४ साली त्याच्या वडिलांना एका बेकरीवाल्याच्या ४० पौंडांच्या देण्यापायी याच मार्शलसीत टाकलं होतं, तेव्हा तो १२ वर्षांचा, बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. हे त्याने पुढे एका जवळच्या मित्राला सांगितलं, बाकी जन्मभर लपवलं, त्याच्या मुलांनासुद्धा तो गेल्यावर त्या मित्राने लिहिलेल्या चरित्रातून कळलं. एवढा मोठा माणूस, सगळं जग वाचतंय, आणि पोटात ही गोष्ट दाबून बसलेला! मला हे फार लागलं.

कारण आम्हीही कधी कोणाला सांगितलं नाही.

बाबांचा नारायण पेठेत लग्नपत्रिका छापायचा छोटा प्रेस होता, त्यासाठी एका पतपेढीचं कर्ज काढलेलं, धंदा बसला आणि हप्ते थकले. मी पाचवीत होते. वसुलीवाले सकाळी सातला यायचे, आई मला दारात पाठवायची आणि मी म्हणायचे, बाबा बाहेरगावी गेलेत. बाबा तेव्हा मोरीत दिवा न लावता उभे असायचे. त्या दाराची कडी थोडी वाकडी होती, फटीतून त्यांच्या बनियनची पांढरी पट्टी दिसायची आणि मला सारखी भीती की त्या माणसांनाही ती दिसेल. बाबा गणपतीत आरतीला जाईनात, लग्नकार्याला जाईनात, पुढे पुढे तर खाली दूध आणायलाही मीच. कोणी कोंडलं नव्हतं, पण घराबाहेर पाऊल पडत नव्हतं.

कादंबरीचे दोन भाग आहेत, 'गरिबी' आणि 'श्रीमंती'. डॉरिटला अचानक मोठी इस्टेट मिळते, कुटुंब इटलीत जातं आणि तिथली बडी रिकामटेकडी मंडळी बघून एमीला वाटतं ही तर वरच्या दर्जाची मार्शलसीच. मग रोममधली ती मेजवानी. भरल्या टेबलापाशी डॉरिट उभा राहतो आणि भाषण सुरू करतो, मंडळी, मार्शलसीत तुमचं स्वागत आहे. त्याआधीच मुलीला म्हणालेला असतो, बघ गं, बॉब आहे का दारावर. बॉब म्हणजे तुरुंगाच्या दाराची किल्ली सांभाळणारा, तो मरून कित्येक वर्षं झालेली. सगळे पाहुणे चिडीचूप, एकटी एमी त्याला बिलगून उभी, तिला त्याची लाज वाटत नाही, त्याला घरी कसं न्यायचं एवढंच तिच्या मनात. मी तिथे पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आमचं कर्ज २००६ मध्ये फिटलं. बेबाकीचा दाखला बाबांनी लॅमिनेट करून कपाटात ठेवलाय, वरचेवर काढून पुसतात. पण अजूनही बेल वाजली की आधी स्वयंपाकघरातला दिवा बंद करतात, मग जिन्याकडच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकवून बघतात आणि मगच कडी काढतात. आधी मी चिडायचे, बाबा आता कोण येणारे, म्हणायचे. ते नुसते हो हो म्हणायचे आणि पुढच्या वेळी तेच.

परवा रविवारी गेले तेव्हा बेल वाजवलीच नाही. दुसऱ्या मजल्यावरूनच मोठ्याने हाक मारली, बाबा, मी आलेय. वर पोचले तर दार सताड उघडं आणि स्वयंपाकघरात दिवा चालू.